पुसायची परवानगी नाही

आत्या नक्की कुणाच्या आत्या, हे हॉस्पिटलात आता फारसं कुणाला आठवत नव्हतं. त्यांची भाची पूर्वी तिथे नर्स होती. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि जाताना आत्या मागे ठेवून गेली. तेव्हापासून मोठ्या सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या आत्या झाल्या. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर, आवाज बारीक पण तिखट. आधीची सगळी नोकरी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलेली. तो बंद पडला आणि त्या इथे आल्या.

मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. भिंतींना जाड रजया ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद, मधोमध एक माइक, त्याच्यासमोर एक खुर्ची आणि काचेपलीकडे आत्यांचा कॉम्प्युटर. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे त्या खोलीत माणूस बोलण्याआधी घामाघूम होई. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, ती माणसं ऑपरेशनच्या आधी या खोलीत येत आणि आपला आवाज ठेवून जात. 'पाणी दे', 'दार लाव', 'मला बरं वाटत नाहीये', 'जेवलास का' अशी रोजची वाक्यं, घरच्यांची नावं, हसणं, खाकरणं, काय वाटेल ते. ऑपरेशननंतर ती सगळी एका टॅबलेटवर बटणं करून बसवली जात. बटण दाबलं की माणूस आपल्याच आवाजात बोले.

टॅबलेटचं आणि शिकवण्याचं काम स्पीच थेरपिस्टचं. ती तिशीतली, हसरी, थोडी विसराळू मुलगी. खोलीत दोघीच, म्हणून आत्या तिला 'धाकटी' म्हणत. बाकीचेही मग तेच म्हणायला लागले.

या कामात एक गोष्ट होती जी आत्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. एक्स-रे हरवला तर दुसरा काढता येतो. रक्ताची बाटली फुटली तर पुन्हा सुई टोचता येते. पण ऑपरेशन झालेल्या माणसाचं रेकॉर्डिंग गेलं, तर त्याला पुन्हा माइकसमोर बसवून उपयोग नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी आत्या दिवसभराच्या फाइली साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेत, डिस्क चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवत आणि डबी पर्समध्ये टाकून घरी नेत. पाहुणे येऊ देत, ताप असू दे, त्यांचा हा नेम कधी चुकला नव्हता.

चुकला तो त्यांचे यजमान स्टुलावरून पडले त्या दिवशी.

बल्ब बदलायला चढले होते. शेजाऱ्यांनी त्यांना याच हॉस्पिटलात आणलं आणि वर फोन केला. आत्या माइक बंद करून, पर्स उचलून जिन्यानेच खाली धावल्या. पायाचं हाड मोडलं होतं. फोटो काढणं, सही करणं, ओळखीच्या नर्सला शोधणं या गडबडीत दुपार कधी सरली ते कळलं नाही. प्लास्टरच्या खोलीत यजमानांचा हात धरून उभ्या असताना त्यांना एकदम आठवलं. दुपारी एका टॅक्सीवाल्याने रेकॉर्डिंग केलं होतं. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन. आणि फाइली वरच्या कॉम्प्युटरवर एकट्याच पडलेल्या.

त्यांनी धाकटीला फोन लावला. ती घरी जायला बसमध्ये बसली होती. ती पुढच्या थांब्यावर उतरली, परत आली, आत्यांकडून डबी घेऊन वर गेली आणि फोनवर एक एक पायरी विचारत तिने फाइली उतरवल्या. आत्या फोनला कान लावून होत्या. पलंगावरून यजमान म्हणाले,

"तुझा जीव इथे आहे की वर आहे?"

"दोन्हीकडे आहे," आत्या म्हणाल्या. "तुमचा पाय प्लास्टरमध्ये तरी आहे. त्याचा आवाज उघड्यावर पडलाय."

यजमान संसार करून मुरलेले होते. ते म्हणाले, "मग आधी त्याचं बघ. मी काही कुठे पळून जात नाही."

काहीच बिघडलं नव्हतं. कॉम्प्युटर धडधाकट होता, टॅक्सीवाल्याच्या फाइली जागच्या जागी होत्या. दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणून विसरून गेलं असतं. आत्या मात्र दोन दिवस तेच घोळवत होत्या. तिसऱ्या दिवशी डबा खाता खाता म्हणाल्या,

"धाकटे, हे बरोबर नाही."

"काय?"

"कुणाचा तरी आवाज माझ्या लक्षात राहण्यावर लटकलेला असणं. मी काय, माणूसच आहे. यांचा पाय मोडला, मी विसरले. उद्या मीच पडेन."

"असं काय बोलता आत्या?"

"खरं तेच बोलतेय. हे काम मला आठवलं म्हणून व्हायला नको. आपलं आपण व्हायला हवं."

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरांची देखभाल करणारा माणूस तळघरात बसे. कुणी कसलीही तक्रार घेऊन गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पासवर्ड बदलून पाहिलात का?" त्यामुळे त्याचं नावच पासवर्ड पडलं होतं. बिचारा एकटा होता आणि कॉम्प्युटर शेकड्यांनी. त्याच्या टेबलावर उघडी पडलेली यंत्रं आणि गार झालेला चहा कायम असे.

आत्या त्याच्यासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी पासवर्ड बदललेला आहे. आता पुढचं बोलू."

तो हसला. आत्यांनी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "सोपं आहे. मी उद्या येऊन दहा मिनिटांत लावून देतो."

"लावून देऊ नका. लावायला शिकवा. उद्या ते बंद पडलं, तर मी तुम्हाला शोधत तळघरातून गच्चीपर्यंत हिंडू का?"

पासवर्डने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे 'करून द्या' म्हणत येणारे सगळे होते, 'शिकवा' म्हणणारं कुणी नव्हतं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

काम खरोखर फार मोठं नव्हतं. कॉम्प्युटरला चार ओळींचा हुकूम लिहून द्यायचा, की या फोल्डरमधली जी फाइल नवी किंवा बदललेली दिसेल तिची प्रत तिकडे ठेव. आणि कॉम्प्युटरमध्येच असलेल्या घड्याळाला सांगायचं, की हा हुकूम दर तासाला चालव. आत्यांनी तो दोन बोटांनी टाइप केला. एक टिंब चुकलं, दोनदा काहीच झालं नाही, तिसऱ्यांदा काळ्या चौकटीत फाइलींची नावं भराभर सरकायला लागली. स्टुडिओत टेपची चाकं पहिल्यांदा फिरताना पाहिली होती, तशाच त्या त्या चौकटीकडे बघत राहिल्या.

"दर तासाला कशाला?" पासवर्डने विचारलं. "लोक रोज एकदा करतात. आठवड्यातून एकदा केली तरी मी त्यांच्या पाया पडतो."

"सकाळी बोललेल्या माणसाने संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून का बसायचं?"

पासवर्डने तासच ठेवला. एक प्रत खोलीतल्या काळ्या डिस्कवर आणि दुसरी पुढच्या इमारतीतल्या मोठ्या सर्व्हरवर ठेवायची असं ठरलं. म्हणजे एका इमारतीला आग लागली तरी दुसरीत आवाज शाबूत. इथवर दोघांचं छान जमलं. मग पासवर्ड म्हणाला,

"सर्व्हरवर तुम्हाला फाइल फक्त टाकायची परवानगी देतो. पुसायची किंवा बदलायची नाही."

आत्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "म्हणजे? माझ्याच फाइली मला पुसता येणार नाहीत?"

"नाही."

"मी काय चोर आहे?"

"तसं नाही हो आत्या. समजा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही शिरलं, तर ते तुमच्याच हाताने काम करणार. तुम्हाला जे करता येतं ते त्यालाही करता येणार. तुम्हाला पुसता आलं नाही, तर त्यालाही पुसता येणार नाही. आणि एखादी फाइल बिघडली, तर बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर जाऊन बसणार नाही. शेजारी वेगळी राहील."

आत्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. रुसवा उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग म्हणाल्या, "हे डोकं तुमचं स्वतःचं?"

"नाही. एकदा हात पोळले होते दुसऱ्या नोकरीत."

"मग असू दे. नाही पुसणार मी."

पुढच्या आठवड्यात पडद्याच्या कोपऱ्यात दर तासाला एक छोटी हिरवी खूण उमटू लागली, 'काम पूर्ण'. धाकटी खूश झाली. आत्यांनी दोन-चार दिवस ती खूण पाहिली, आणि मग एका सकाळी सर्व्हरवरची प्रत स्वतः उघडून पाहिली. फोल्डर होतं. आत काही नव्हतं.

झालं होतं असं, की कामाची टापटीप म्हणून आत्यांनीच मधल्या दिवसांत कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचं नाव बदललं होतं आणि जुन्या नावाचं एक रिकामं फोल्डर तिथेच राहून गेलं होतं. हुकमाला जे सांगितलं ते त्याने चोख केलं. रिकाम्या फोल्डरची रिकामी प्रत, दर तासाला, हिरव्या खुणेसकट.

धाकटीचा चेहरा पडला. आत्या मात्र चिडल्या नाहीत. उलट त्यांना ते पटलंच. "यंत्र खोटं बोललं नाही ग. आपण विचारलं, काम झालं का? ते म्हणालं, झालं. आवाज आहे का, असं आपण विचारलंच नव्हतं."

त्यांनी हुकूम दुरुस्त केला आणि त्या दिवसापासून स्वतःला एक नियम घालून घेतला. दर शुक्रवारी जेवणाआधी सर्व्हरवरच्या प्रतींतून कुठलीही एक फाइल उचलायची, हेडफोन लावायचे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. ऐकल्याशिवाय प्रत आहे असं म्हणायचं नाही.

धाकटीला हा नियम सुरुवातीला जरा जास्तच वाटला. पण शुक्रवारी आत्या डोळे मिटून बसलेल्या असत तेव्हा ती खोलीत पाय न वाजवता वावरे. कधी आत्या हसत. एका जुन्या कारकुनाने आपल्या नातवाला सांगितलेली माकडाची गोष्ट त्यांना चार वेळा मिळाली होती आणि चारही वेळा त्या हसल्या होत्या. कधी ऐकून झाल्यावर हेडफोन काढून नुसत्या बसून राहत. मग धाकटी ओळखे की ज्याचा आवाज होता तो आता नाही. एकदा तिने विचारलं, "आत्या, जी माणसं गेली त्यांच्या फाइली ऐकायला नको वाटत नाही का?" आत्या म्हणाल्या, "त्यांच्या घरचे कधी मागायला आले, तर मला कळायला हवं ना की त्या नीट आहेत." धाकटीने ही गोष्ट नंतर किती जणांना सांगितली असेल त्याला हिशोब नाही.

अशात एक दिवस पोहण्याच्या बाई आल्या.

सार्वजनिक तलावावर त्या मुलांना पोहायला शिकवत. आयुष्य काठावरून ओरडण्यात गेलेलं. आवाज घोगरा झाला तो ओरडण्यामुळेच असं समजून त्यांनी कितीतरी महिने अंगावर काढलं, आणि आता स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. उंच, रुंद खांद्यांच्या, केस अगदी बारीक कापलेले. बरोबर त्यांचे यजमान, शिंपी. ते इतके कमी बोलत की धाकटीला पहिल्या दिवशी वाटलं, पेशंट हेच.

धाकटीने नेहमीची वाक्यं त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी ती वाचली आणि कागद पालथा केला.

"'कृपया मला पाणी मिळेल का' असं मी जन्मात बोलले नाही. घरात कुणाला खरंच वाटणार नाही ते. मला बोलायचं ते मी बोलू का?"

"बोला की," आत्या काचेपलीकडून म्हणाल्या.

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "गुडघा वाकवू नकोस. पाय मार. मार पाय. पाणी काही चावत नाही तुला. डोकं आत. आत म्हणजे आत. श्वास बाजूला घे, आकाशात काय बघतोस? टॉवेल कुणाचा पडलाय? धावू नका काठावर. धावू नका म्हटलं ना."

बाहेर बाकावर बसलेले शिंपी ते ऐकून गालात हसले. दाराला रजया होत्या तरी हा आवाज बाहेर पोचलाच होता. आत्यांनी माइकची पातळी खाली आणली आणि अंगठा वर करून दाखवला.

नंतरचे काही दिवस बाई रोज येत. घसा लवकर दमे, म्हणून थोडं थोडं. त्यांनी तलाव सगळा बोलून काढला, मग स्वयंपाकघर, मग बँकेतली माणसं, मग नणंद. प्रत्येकासाठी वेगळा सूर. आत्यांना इतका जिवंत आवाज बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाई शेवटच्या आल्या. सगळं झाल्यावर त्यांनी धाकटीला म्हटलं, "यांना जरा चहा प्यायला घेऊन जा." दोघं खाली गेल्यावर बाई माइकच्या जवळ सरकल्या आणि थोडं बोलल्या. ते यजमानांसाठी होतं. आवाज अगदी खालचा, तलावावर कुणी कधी ऐकला नसेल असा. मग त्यांनी पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "संपलं माझं."

आत्यांनी फाइलीला नाव दिलं, जतन केली आणि माइक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी त्यांच्या आधी पोचली होती. आत्या जिना चढून वर आल्या तर ती दारातच उभी, चेहरा पांढराफटक.

"आत्या, काहीच उघडत नाहीये."

कॉम्प्युटरवर एकूण एक फाइलीच्या नावापुढे भलतीच अक्षरं लागली होती. पडद्यावर परकी भाषा, लाल रंग, आणि कुलूप उघडून हवं असेल तर काय करा याची धमकी. खालच्या मजल्यावरही तीच रड होती. आदल्या संध्याकाळी कुणाला तरी बिलासारखी दिसणारी एक ईमेल आली, ती उघडली गेली आणि मागच्या इमारतीतले बहुतेक कॉम्प्युटर त्या व्हायरसने गिळले. आत्यांनी काळी डिस्क बघितली. ती कॉम्प्युटरला जोडलेलीच होती, त्यामुळे तिच्यावरही तीच अक्षरं.

आणि पोहण्याच्या बाई त्या वेळी ऑपरेशन टेबलावर होत्या. त्यांना घेऊन गेल्याचं आत्यांना जिन्यातच कळलं होतं.

धाकटी रडायला लागली. "खाली शिंपी बसलेत आत्या. त्यांना काय सांगायचं?"

"अजून काहीच नाही. आपल्यालाच अजून काही माहीत नाही." त्यांनी मागे जाऊन नेटची वायर उपसून काढली आणि धाकटीला पाणी दिलं.

पासवर्ड आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. पहाटेपासून तो मजले चढत-उतरत होता. आत्यांनी विचारलं, "सर्व्हर?"

"सर्व्हर चालू आहे. पण तुमच्या इथून त्याच्यावर काल संध्याकाळी बरंच काही गेलंय. हुकूम चालूच होता ना. कुलूप लागलेल्या फाइली त्याला नव्या दिसल्या, त्या त्याने इमाने इतबारे नेऊन ठेवल्या."

"जुन्यांच्या जागी?"

"जुन्यांच्या शेजारी असायला हव्यात," तो म्हणाला. "असायला हव्यात. मी आत्ता उघडत नाही. आधी सर्व्हर वेगळा करून तपासतो. दुपार होईल."

दुपारपर्यंतचा वेळ आत्यांनी कसा काढला ते धाकटीने पाहिलं. त्यांनी खोली झाडली. रजयांवरची धूळ काढली. माइकची जाळी उघडून पुसली. मग खाली गेल्या, शिंप्यांशेजारी बाकावर बसल्या आणि त्यांना तलावाबद्दल विचारत राहिल्या. शिंप्यांना बोलतं करणं सोपं नव्हतं, पण त्या दिवशी ते बोलले. लग्नानंतर बाईंनी त्यांना पोहायला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि पंधरवड्यात हात टेकले होते, हे त्यांनीच सांगितलं. वर काय झालंय ते आत्यांनी सांगितलं नाही, पण खोटंही एक अक्षर बोलल्या नाहीत.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर पासवर्ड एक लॅपटॉप काखेत मारून वर आला. दार लावून त्याने तो टेबलावर उघडला. पोहण्याच्या बाईंच्या फोल्डरमध्ये फाइली जोडीजोडीने होत्या. एक कुलूप लागलेली, आणि तिला अगदी लागून, पहिल्या नावाची, पहिल्यासारखी. एकही जुनी पुसली गेली नव्हती. व्हायरसने प्रयत्न केला होता, त्याची नोंदही दिसत होती. पण त्याला तिथे फक्त टाकायची परवानगी होती.

"कालची?" आत्यांनी विचारलं. "शेवटची?"

तो खाली सरकत गेला. कालच्या दुपारची फाइल होती. ती जतन झाल्यावरच्या पहिल्याच फेरीत हुकमाने ती नेऊन ठेवली होती, व्हायरस येण्याच्या कितीतरी आधी. दिवसातून एकदाच प्रत निघत असती, तर सर्व्हरवर तिची फक्त कुलूपवाली जोडीदार आली असती.

"आहे," धाकटी म्हणाली. "आत्या, आहे."

"नाव आहे," आत्या म्हणाल्या आणि हेडफोन ओढून घेतले.

पासवर्डला खाली दहा ठिकाणी बोलावणं होतं. पण तो गेला नाही. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बराच वेळ गेला. मध्येच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, तेव्हा धाकटीने ओळखलं की नणंद आली. अगदी शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि तशाच राहिल्या. मग हेडफोन काढून म्हणाल्या,

"आहे. सगळं आहे."

मग त्यांनी फाइल थोडी मागे नेली आणि हेडफोन पासवर्डच्या कानाला लावले. आतून बाई कडाडल्या असाव्यात, कारण तो बिचारा खुर्चीत ताठ बसला.

"बाप रे," तो म्हणाला. "माझी पाठ आपोआप सरळ झाली."

"झालीच पाहिजे," आत्या म्हणाल्या. "आणि पासवर्ड, ती पुसायची परवानगी काढून घेतलीत ना माझी, तेव्हा मी रागावले होते."

"माहीत आहे मला."

"तुमचे उपकार आहेत."

"दर तासाचा हट्ट तुमचा होता," तो पुटपुटला आणि लॅपटॉप घेऊन खाली पळाला.

तो गेला आणि दारावर टकटक झाली. शिंपी होते. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. ते सांगायला मुद्दाम तीन मजले चढून आले होते आणि दम लागल्यामुळे चौकटीला धरून उभे होते.

"आणि तिचं ते… आवाजाचं?" त्यांनी विचारलं. "नीट आहे ना सगळं?"

"नीट आहे. आत्ताच ऐकला मी."

शिंप्यांनी माइकसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "काल मला चहाला पाठवलं होतं तिने. म्हणजे काहीतरी बोलली असणार. थोडं ऐकू का?"

धाकटीला वाटलं, आत्या लगेच हेडफोन देतील. इतका वेळ जीव टांगणीला लागल्यावर कुणीही दिले असते. आत्यांनी शिंप्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या,

"ते तुमचंच आहे. पण बटण त्यांनी दाबायचं, मी नाही. शब्द त्यांचे आहेत. मी नुसती सांभाळते."

शिंप्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे. तिला विचारल्याशिवाय काही ऐकलेलं तिला आवडत नाही."

पुढच्या दिवसांत पासवर्डने इतर विभागांतही तशीच व्यवस्था लावली. कुठे कुणी कुरकुर केली की तो म्हणे, "वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन आत्यांना विचारा." लोक विचारायला येत. आत्या त्यांना चार ओळींचा हुकूम दाखवत, पण आधी शुक्रवारबद्दल सांगत. आवाजाची खोली पुन्हा चालू झाली. काळी डिस्क आता दिवसभर जोडलेली राहत नसे.

बाई घरी गेल्या, जखम भरली, टॅबलेट हाताळायला शिकल्या. धाकटी त्यांना शिकवायला जाई. एकदा तिने न राहवून विचारलं, ते शेवटचं बटण दाबलं का? बाईंनी पाटीवर लिहिलं, 'अजून मोठं भांडण झालेलं नाही. झालं की दाबीन.' धाकटीने ते आत्यांना सांगितलं, तेव्हा आत्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग एका रविवारी बाईंनी दोघींना तलावावर बोलावलं. त्यांचं काम पुन्हा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. गळ्यावर श्वास घ्यायला भोक केलेलं असल्याने त्यांना आता पाण्यात उतरता येत नव्हतं. त्या काठावर उभ्या होत्या, गळ्याभोवती यजमानांनी शिवलेला पातळ निळा रुमाल, कमरेला पट्ट्याने बांधलेला एक छोटा स्पीकर आणि हातात टॅबलेट. आत्यांना पोहता येत नव्हतं, त्या भिंतीला धरून बसल्या. सगळीकडे क्लोरीनचा वास आणि मुलांचा कालवा.

पलीकडच्या टोकाकडून एक लहान मुलगी फळीला धरून येत होती. तिचे पाय सायकल चालवल्यासारखे चालले होते. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"गुडघा वाकवू नकोस," तलावभर आवाज घुमला. "पाय मार."

मुलीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हो बाई," ती पाण्यातूनच म्हणाली, आणि तिचे पाय सरळ झाले.